भिंतीत सुई घालणाऱ्या वासंतीबाई

कुणी एखाद्या कंत्राटदाराचं नाव सुचवलं की वासंतीबाई आधी पत्ता विचारत, आणि तोही त्याच्या घराचा नव्हे, त्याने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेल्या भिंतीचा. मग एखाद्या रविवारी पर्समध्ये स्वेटर विणायची लांब सुई टाकून त्या ती भिंत बघायला जात. लोक हसत. बाईंना लोकांच्या हसण्याची पर्वा कधीच नव्हती.

बाईंचा जन्म करोल बागेतला. वडील सरकारी नोकरीत, शेजार पंजाब्यांचा, त्यामुळे थंडीत गच्चीवर उन्हाला बसून विणकाम करायची सवय त्यांना लहानपणीच लागली. पुढे त्याही मंत्रालयात नोकरीला लागल्या. नव्वदनंतर दिल्लीभोवती नवी सेक्टरं उभी राहू लागली तेव्हा मराठी नोकरदारांनी द्वारकेत सोसायटी काढली. त्या भागाला तेव्हा पप्पनकलां म्हणत आणि रिक्षावाले तिथे यायला कां-कूं करत. बाई राहायला गेल्या आणि वर्षभरात सेक्रेटरीही झाल्या, कारण ते पद दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

सोसायटीच्या मागे गावाचा जुना जोहड होता, म्हणजे आटलेलं तळं. तिकडची जमीन पुरुषभर खाली. बिल्डरने मातीची भर टाकली, ती अडवायला भिंत बांधली आणि वर हिरवळ लावून दिली. दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटलं. पाणी निघायला भिंतीत भोकं होती, चांगली रांगेत. एका दुपारी बाईंनी विणता विणता सहज एका भोकात सुई सारली, ती दोन बोटांवर अडली. दुसऱ्यात, तिसऱ्यातही तेच. गवंड्याने पाइपचे तुकडे नुसते शोभेला चिकटवले होते. आतलं पाणी आतच राहत होतं आणि माती भिंतीला ढकलत होती.

याची झळ सगळ्यात जास्त तात्यारावांना. त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट भिंतीलगत. मागच्या खोलीच्या जमिनीला चीर गेली, तेव्हापासून ते आणि त्यांच्या पत्नी कुमुदिनीकाकू पुढच्या हॉलमध्ये पलंग टाकून झोपत. तात्याराव बाईंच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेल्यावर बाईंचं कन्यादान त्यांनी केलं होतं. त्यांचा शब्द बाईंनी आजवर खाली पडू दिला नव्हता.

नवी भिंत आणि बाग एकाच कंत्राटदाराकडून करून घ्यायचं ठरलं. तात्यारावांनी श्यामकांत नावाचा तरुण आणला. सरकारी परीक्षांसाठी तो लातूरकडून दिल्लीला आला, परीक्षा जमल्या नाहीत, म्हणून बांधकामात उतरला. मुलगा वागायला गोड. मीटिंगमध्ये त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि अस्खलित मराठीत बोलायला लागला. झालं, मंडळी विरघळली. दिवसभर हिंदीत भांडून आलेल्या माणसांना घरची भाषा ऐकली की दुसरं काही सुचत नाही. त्याला गाव विचारलं, मामाचं आडनाव विचारलं, दिल्लीत ज्वारीचं पीठ कुठे मिळतं तेही विचारलं. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी बाईंनीच त्याच्या जुन्या कामाचा पत्ता मागितला, तर तात्याराव त्यांच्याकडे असे बघायला लागले जणू पाहुण्यासमोरचं ताट ओढलं.

पत्ता नोएडातल्या एका सोसायटीचा निघाला. बाई दोन बस बदलून गेल्या. भिंत दिसायला देखणी होती. सुई दोन बोटांवर अडली.

संध्याकाळी बाई थेट तात्यारावांच्या घरी गेल्या. आडपडदा ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. जे पाहिलं ते त्यांनी सांगितलं.  तात्याराव म्हणाले, "इतक्या वर्षांनी आपला एक मुलगा पुढे येतोय, आणि तू त्याला काड्या घालून तपासतेस?"

"काका, मुलगा आपलाच आहे, पण त्याची भिंत आपल्या कामाची नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं घर मी तिच्या भरवशावर सोडणार नाही."

तात्यारावांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. वडिलांच्या जागी असलेला माणूस तोंड फिरवतो तेव्हा कितीही खंबीर बाई आतून हलतेच. पण सकाळी त्यांनी श्यामकांतला फोन करून नकार कळवला, नोएडाची भिंत उघडून दुरुस्त करायला बजावलं आणि पर्स उचलून नजफगड रस्ता धरला.

तिथे हरीशने बांधलेली भिंत होती. हरीश जवळच्याच गावचा, शेतं सेक्टरांत गेल्यावर कंत्राटदार झालेला. गळ्यात सोन्याची चेन, तोंडात गुटखा आणि बढाया इतक्या की ऐकणाऱ्याला धाप लागावी. बाईंना तो अजिबात आवडला नाही. पण सुई मुठीपर्यंत आत गेली आणि ओली होऊन बाहेर आली. काम त्यालाच द्यायचं ठरलं. अट एकच: भिंत झाल्यावर मागच्या मातीत पाण्याचा अख्खा टँकर ओतायचा, भोकांतून पाणी बाहेर पडलं तरच काम झालं समजायचं. हरीश म्हणाला, "मैडम जी, दो टैंकर डलवा लो."

यावर सोसायटीत गदारोळ झाला. नळाला पाणी नव्हतं, टँकरचा भोंगा वाजला की लोक बादल्या घेऊन धावत, आणि ही बाई टँकर मातीत ओतणार! बाईंनी शांतपणे सांगितलं की नव्या हिरवळीला पाणी लागणारच आहे, आणि खाली जे निघेल ते ज्याने त्याने आपल्या कुंड्यांना न्यावं.

भिंत बांधून झाली आणि ठरल्या दिवशी निम्मी सोसायटी बादल्या घेऊन जोहडात उभी राहिली. टँकर रिकामा झाला. भोकं कोरडीच. हरीशची बडबडही थांबली. कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "आधी माती पिऊ दे." आणि त्या विणत उभ्या राहिल्या. टाके मात्र चुकत होते, कारण वर मागच्या खोलीच्या खिडकीत तात्याराव येऊन उभे होते.

सगळ्यात खालच्या रांगेतलं एक भोक ओलं झालं. मग त्यातून धार लागली, मग शेजारच्यातून, आणि बघता बघता सगळी रांग वाहू लागली. बायकांनी बादल्या लावल्या. हरीशला पुन्हा वाचा फुटली.

बाई वर आल्या तेव्हा तात्याराव दारातच होते.

"मी त्याचं गाव विचारलं," ते म्हणाले. "भिंत विचारायची राहिली."

 बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. तात्यारावांनी कुमुदिनीकाकूंना हॉलमधल्या उशा उचलायला सांगितल्या आणि स्वतः पलंगाच्या उशाशी जाऊन वाकले.

"वासंती, पायथ्याकडून धर. मागच्या खोलीत न्यायचाय."