त्या सकाळी मी वाडीवर गेलेच नव्हते

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी ख्रिस्ती आहे, आणि नर्स आहे. कुणाच्या अंगात आलंय म्हणून सांगत आले, की मी पहिल्यांदा त्याचा ताप बघते. प्रभूवर श्रद्धा होती, पण चमत्कार पवित्र शास्त्रातल्या काळी घडायचे, कर्जत तालुक्यात नव्हे... असंच मी धरून चालले होते.

कर्जत स्टेशनमागे मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. एका खोलीत औषधं, दुसरीत आमचा संसार. तापाच्या मोठ्या साथीत आठवड्याच्या आत यजमान गेले आणि पाठोपाठ चार वर्षांची मुलगी गेली. दोघांची शुश्रूषा मीच केली होती. नंतर वर्षभर मी काम करत राहिले, रविवारी उपासनेला बसत राहिले, पण प्रार्थना काही ओठांवर येईना. शेवटी पाळकसाहेबांना सांगितलं, मी नगरला बहिणीकडे जाते. नवी नर्स मिळेपर्यंत दवाखाना बंद राहणार होता.

जायच्या दिवशी पहाटेच ट्रंक भरून झाली आणि कितीतरी महिन्यांनी मी गुडघे टेकले. प्रार्थना कसली, भांडणच ते. म्हटलं, "प्रभू, माझ्याच्यानं आता होत नाही. तुझं काम तूच बघ."

मग खोली झाडली आणि शेजारणीला बोलावून दोघी ओट्यावर बसलो. गाडी दुपारची होती. उजाडल्यापासून शेजारीण माझ्याजवळच होती – हे मुद्दाम सांगते.

अकराच्या सुमारास लहानू धापा टाकत आला. माथेरानच्या पायथ्याला ठाकरांची वाडी आहे, दोन तासांच्या चालीवर, तिथला तो. दवाखान्याचं औषध घेतलं की माणूस बाटतं, अशी तिथं समजूत. मी दोनदा जाऊन आले होते, पण कुणी दाराच्या आत घेतलं नव्हतं. त्याची बायको हिरा अडली होती. दवाखाना बंद झाला, मी निघालेय, असं मी सांगणार, तोच तो बोलला.

"बाय, सकाळी तुमीच म्हनल्या ना, अडली तर बोलवा, मी नाय म्हनायची नाय."

मी म्हटलं, मी आज इथून हललेलीच नाही. शेजारणीनंही तेच सांगितलं. वाद घालायला वेळ नव्हता. मी बॅग उचलली.

झोपडीत पोचले तर चुलीवर पाणी खळखळत होतं. पाण्यात विळा आणि दोरा घातलेला. फडकी उकळून, वाळवून, सुपात ठेवलेली. मी थबकले. त्यांच्यात नाळ न उकळलेल्या विळ्यानंच कापत, आणि हिराची आधीची दोन मुलं आठ दिवसांच्या आत धनुर्वातानं गेली होती. हे सगळं कुणी करायला सांगितलं, म्हणून मी तिच्या सासूला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच, उन्हं वर आल्यावर आलात, चुलीपाशी बसून एकेक सांगितलंत.

मूल पायाळू होतं. फार वेळ लागला. बाहेर आली ती मुलगी, निळी पडलेली, आवाज नाही. मी तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, फुंकर घातली, परत चोळली... आणि प्रार्थना कधी सुरू झाली ते मला कळलंच नाही. मोठ्यानं करत होते म्हणे. मग ती रडली.

गाडी केव्हाच घाट चढून गेली असेल. हिरा जरा सावरल्यावर मी तिलाच विचारलं, सकाळी आलेली बाई दिसायला कशी होती? तिला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तुमीच व्हत्या. हेच पांढरं लुगडं, हाच आवाज." मग म्हणाली, "पन सकाळी तुमी हसत व्हत्या."

आठ दिवस मी रोज वाडीवर गेले. मुलीला काही झालं नाही. नवव्या दिवशी घरी येऊन ट्रंक रिकामी केली आणि दवाखाना उघडला.

खोपोलीच्या डॉक्टरांचं म्हणणं, दुसरी कुणी सुईण गेली असेल. मी खालापूरपर्यंत चौकशी केली. पांढरं लुगडं नेसणारी नर्स तेव्हा या भागात मी एकटीच होते. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की प्रत्येक गोष्टीला नाव द्यायलाच हवं असं नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. यजमानांची, मुलीची आठवण रोज येते. ते दुःख कुठं गेलेलं नाही. पण सकाळी गुडघे टेकले की आता भांडण होत नाही. ती बाई कोण होती, मला माहीत नाही. देवदूत म्हणायला जीभ रेटत नाही, आणि भास म्हणावं तर त्या विळ्याचं काय? मागच्या महिन्यात वाडीवर गेले होते. हिराच्या सासूला आता नीट दिसत नाही. तिनं मला उजेडात ओढलं, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही तीच, त्या सकाळी पयली आलेली, हसनारी."