पॅनलवरचं लुगडं

लेख चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, बाईला उगाच राग येतो. मला राग उगाच येत नाही. कारण असलं की येतो आणि मग लवकर जात नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि मी जव्हारच्या एका कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत होते. एका मराठी ज्ञानकोशाच्या संपादकांनी ‘तंत्रज्ञान आणि नीती’ हा लेख माझ्याकडे तपासायला पाठवला. सोबत एक तक्ता होता. भाषा, अचूकता, संदर्भ, निःपक्षपातीपणा. प्रत्येकासमोर गुण द्यायचे आणि खाली अभिप्राय लिहायचा. डोंगरातल्या कॉलेजातल्या बाईचं मत कोणी मागतं, याचाच मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

भाषेला मी भरघोस गुण दिले. दुसऱ्या पानावर तर फार छान लिहिलं होतं. ज्यांच्या आयुष्यात यंत्र येणार आहे त्यांना आधी विचारणं, ही तंत्रज्ञानाच्या नीतीची पहिली पायरी, असं काहीसं. मी समासात ‘उत्तम’ लिहिलं. चौथ्या पानावर तोच हात थांबला.

तिथे उदाहरण होतं. एका आदिवासी पाड्याला सौरपंप दिला. बायकांनी पॅनलवर लुगडी वाळत घातली. पुढे दगडाने पॅनलची काच फुटली आणि पंप काढून न्यावा लागला. तात्पर्य काय, तर अडाणी समाजाचं प्रबोधन झाल्याशिवाय त्याच्या हाती तंत्रज्ञान देऊ नये. पाड्याचं नाव दिलं नव्हतं, पण ‘सूर्यमाळजवळ’ असं लिहिलं होतं, आणि त्या बाजूला सौरपंप एकाच पाड्यावर आला होता. मी त्याच पाड्यावर मावशीच्या घरी वाढले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी म्हणजे खालच्या ओहळातला झरा. म्हणायचं झरा, प्रत्यक्षात दगडांमधला एक खड्डा. पाणी त्यात पाझरत पाझरत चढतं. बायका आपापले हंडे ओळीने मांडतात आणि घरच्या कामाला निघून जातात. हंड्याचा नंबर तोच बाईचा नंबर, त्याला कोणी हात लावत नाही. नंबर आला की वाटीने पाणी काढायचं आणि तळाशी वीतभर पाणी सोडायचंच. तळ खरवडला तर गाळ ढवळतो, पाझर बुजतो, आणि मग झरा बरेच दिवस रुसून बसतो. शिवाय जनावरं-पाखरं येतात, त्यांनाही प्यायला लागतं. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडलेले मी कधी पाहिले नाहीत.

पंप नव्वदीच्या मध्यावर आला. त्या दिवशी पाड्याने तारपा वाजवला, सगळे नाचले. वरती टाकी झाली, टाकीला नळ लागला, हंडा घेऊन चढायचा चढ संपला. मावशी त्या नळाखाली पाय धरून उभी राहायची, पाणी वाया जातं म्हणून स्वतःलाच ओरडायची आणि पुन्हा पाय धरायची. आमच्या लोकांना पंप नको होता असं ज्याला वाटतं, त्याने भरला हंडा डोक्यावर घेऊन तो चढ एकदा चढून दाखवावा.

पण वीतभर पाणी सोडायचं हे पंपाला कोण सांगणार? ऊन आहे तोवर तो ओढतच राहायचा. झरा कोरडा पडू लागला, नळाला गढूळ पाणी यायला लागलं. पंप बंद करायचं बटण पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली योजनेच्या साहेबांकडे, मोखाड्याला. मावशी आणि आणखी काही बायका किल्ली मागायला चालत गेल्या. साहेब म्हणाले, “तुमच्या हातात दिली तर मोडून ठेवाल.” पुन्हा गेल्या तेव्हा साहेब भेटलेच नाहीत.

किल्ली मिळत नाही, तर ऊनच बंद करायचं असं बायकांनी ठरवलं. पंप उन्हावर चालतो हे साहेबांनीच उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं, आणि बायकांनी भाषण नीट ऐकलं होतं. झऱ्यात वीतभर पाणी उरलं की मावशी वर यायची आणि पॅनलवर लुगडं पसरायची. पंप थांबायचा. झरा भरला की लुगडं काढायचं. साहेबांच्या राज्यात कधी चालला नव्हता इतका सुरळीत तो पंप त्या दिवसांत चालला. पण आमच्या माळावर वारा फार. लुगडं उडायला लागलं, म्हणून मावशीने कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक दिवस वाऱ्याने लुगडं ओढलं, दगड घसरला आणि काच तडकली.

मावशी तशीच जव्हारला माझ्याकडे आली. आम्ही दोघी बाजारात काचा आणि तसबिरींच्या दुकानात गेलो. दुकानातल्या चाचांनी सगळं ऐकून घेतलं, मावशीला पाणी दिलं आणि म्हणाले, “ही काच कापून बसत नाही, बाई, ती पॅनलसकटच येते. नाहीतर मी स्वतः येऊन बसवली असती.” आम्ही हात हलवत परत आलो.

मग साहेब जीप घेऊन पाड्यावर आले. सगळ्यांना गोळा करून त्यांनी विचारलं, “दगड कोणी मारला?”

“मारला नाय. ठेवला. मीनंच ठेवला,” मावशी म्हणाली.

साहेब हसले, त्यांच्याबरोबरचे हसले, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. लुगडं का टाकलं होतं, हे कोणी विचारलं नाही. पंप गेला. पुन्हा चढ, पुन्हा हंडे. पाण्यावर भांडण झालं की एखादी सून मावशीला टोमणा मारायची, तुझ्या दगडापायी नळ गेला म्हणून. मावशी मला दर भेटीत विचारायची, “त्यांनी लिवून नेलां ना, त्यात माजा दगड हाय का गं?”

“नसेल गं,” मी म्हणायचे. आता तो दगड छापायला निघाला होता.

मी अचूकतेसमोर शून्य टाकलं, अभिप्रायात किल्लीची सगळी हकिकत लिहिली आणि तक्ता पाठवून दिला. लेखाची प्रत माझ्याकडेच राहिली. थोड्या दिवसांनी कॉलेजात संपादकांचा फोन आला.

“मॅडम, लुगडं होतं, दगड होता, काच फुटली. हे सगळं तुम्हालाही मान्य आहे. मग शून्य कसं?”

“लेखकाला लुगडं दिसलं, किल्ली दिसली नाही. म्हणून.”

“किल्लीला काही छापील संदर्भ आहे का?”

“लेखकाचा संदर्भ काय आहे?”

“योजनेचा अहवाल.”

“म्हणजे किल्ली ज्यांच्या खिशात होती त्यांचाच! पाड्यावर येऊन माझ्या मावशीला विचारा ना. दगड तिनेच ठेवला होता.”

आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात ते म्हणाले, “अहो, मग तुम्ही निःपक्षपाती कशा? हे आधी सांगायला हवं होतं.”

मी फोन आपटला. साहेबाने स्वतःच्या योजनेबद्दल लिहिलं तर तो संदर्भ, आणि भाचीने तोंड उघडलं तर पक्षपात! आमच्या पाड्याशी ज्याचं काही देणंघेणं नाही तोच आमच्याबद्दल खरं बोलू शकतो, हा कुठल्या गावचा न्याय? दुसऱ्या पानावर लोकांना विचारा म्हणून शहाणपण शिकवायचं आणि चौथ्या पानावर त्याच लोकांना न विचारता अडाणी ठरवून मोकळं व्हायचं. आणि मी मूर्ख, त्याला ‘उत्तम’ म्हणाले होते. तो शब्द मी इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. तसाच फाटका कागद परत पाठवला. खाली लिहिलं, खोडाळ्यापर्यंत एसटीने या, पुढे मी घेऊन जाते.

कोणी आलं नाही. बऱ्याच महिन्यांनी छापलेला खंड मात्र आला. आमच्या पाड्याचा परिच्छेद त्यात नव्हता. त्या जागी कुठल्याशा परदेशातल्या कारखान्याचं उदाहरण होतं. सोबतच्या पत्रात माझे आभार मानून लिहिलं होतं, की आपल्या सूचनेनुसार वादग्रस्त मजकूर वगळला आहे. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, जिंकलात मॅडम. मलाही तसंच वाटलं, आणि मी सुट्टीत तो जाडजूड खंड घेऊन पाड्यावर गेले.

मावशी झऱ्यावर होती, तिचा नंबर आला होता. मी म्हटलं, “मावशी, एवढ्या मोठ्या पुस्तकात तुझा दगड नाही. मी तपासलं आणि काढायला लावला.”

“खरां?” तिचा चेहरा खुलला. वाटीने पाणी काढता काढता तिने तो खंड नीट बघून घेतला. मग म्हणाली, “आन् आमी किल्ली मागाया गेलतो, तां हाय ना?”

“तेही नाही गं.”

झऱ्यात वीतभर पाणी उरलं होतं. तिने वाटी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मंग तू काय तपासलांस?”