जिभेवरची माती

आमच्याकडे देवळाली प्रवऱ्याला माणसं रुमालात माती बांधून यायची. वडील व्हरांड्यात बसलेले असत. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, थुंकून चूळ भरायची आणि मग सांगायचं, जमीन चांगली की खारवट. "घरातलं मीठ संपलं की काय?" असं आई आतून विचारायची. ते हसायचे. सवय काही सुटली नाही.

तरुणपणी ते फौजेत होते. सुटून आल्यावर, लोक पोरांच्या शाळेची चौकशी करतात त्या वयात, स्वतःच कॉलेजात गेले आणि मातीचे शास्त्रज्ञ झाले. शिवाय भजनात पखवाज वाजवायचे, शेजारणींच्या शिलाई मशीन दुरुस्त करून द्यायचे. अशा माणसाच्या पोटी जन्मून मला एकही गोष्ट धड येत नव्हती, म्हणून बराच काळ मी त्यांच्यावरच चिडून होते.

प्रयोगशाळेत त्यांची पद्धत ठरलेली. आधी जीभ, मग यंत्र, आणि दोन्हींचा निकाल वहीत. निवृत्तीनंतर यंत्र सुटलं, जीभ राहिली. "तपासून घे रे बाबा," असं ते प्रत्येकाला बजावायचे, पण साहेबांनी चाखल्यावर तपासायला जातंय कोण?

आई गेल्यावर मी त्यांच्याजवळ राहायला आले. गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला. त्यानंतर महिन्याभरानं एका दुपारी मी आमटीत मीठ घालायचं विसरले. त्यांनी दोन वाट्या संपवल्या, वर "झकास" म्हणाले. किंचित मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस! मी घास घेतला आणि तशीच ताटावरून उठले. कारण त्याच दिवशी सकाळी गावातला एक शेतकरी माती घेऊन आला होता आणि वडिलांनी ती चाखून "बिनधास्त लाव लिंबोणी," असं सांगितलं होतं.

उरलेली माती व्हरांड्यात कागदावर तशीच होती. चाखायचं कसं ते लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. मी चिमूट जिभेवर ठेवली. चांगलीच खारट होती. तिच्यात लिंबोणी जगली नसती.

सांगावं की गप्प बसावं? माणसं यायची ती त्यांच्या जिभेसाठी. ती गेल्याचं कळलं तर आमच्या व्हरांड्यात कुत्रंही फिरकणार नाही, अशी मला धास्ती होती. पण त्या माणसाची बाग डोळ्यांपुढून हलेना. मी सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "तापापासून चव कळत नाही," म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"भ्यालो."

सीमेवरच्या गोष्टी त्यांनी मला शंभरदा सांगितल्या होत्या. हा शब्द त्यात कधी आला नव्हता. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

मग ते उठले. बूट पुसले, इस्त्रीचा शर्ट घातला. "स्कूटर काढ," म्हणाले.

शेतकरी खड्डे घेत होता. वडील बांधावर ताठ उभे राहिले. "सकाळी मी तुला चुकीचं सांगितलं. मला चवच कळत न्हाई. जमीन खारट हाय. रोपं आनू नको."

त्यानं टिकाव खाली ठेवला. "साहेब, यायच्या आदी मी बी चाखली हुती. मला खारटच लागली. पन तुमी चांगली म्हनलात, म्हून वाटलं, आपलीच जीब बिघडली आसंल."

वडील बांधावरच बसले. आपली माती तपासून घ्या, एवढंच ते जन्मभर लोकांना सांगत आले होते. आणि त्यांच्या एका शब्दावर हा माणूस स्वतःची जीभ खोटी ठरवून मोकळा झाला होता.

"तुजीच जीब बरूबर हाय," ते हळूच म्हणाले. "आदी चर काढ, खारं पानी निघून जाऊ दे. मग ताग पेरून हिरवाच मातीत गाड, खत हुईल. आन् फुडच्या टायमाला मला इचारू नको."

आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी दुपारचीच आमटी गरम करून वाढली.

"मीठ घातलंस?" त्यांनी विचारलं.

"घातलं."

"चाखून बघितलंस?"

"बघितलं."

"मग चांगली झाली असणार," असं म्हणून त्यांनी भाकरी कुस्करली.