शाळूचे तीन दाणे

दरवर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी मी दुकानाच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवते. मजकूर ठरलेला. थंडीचा माल आला. वाकळीसाठी सुती कटपीस, खणाचे तुकडे, मऊ मलमल, धुऊन आटवलेलं मांजरपाट. जुन्या साड्या घेऊन या, रंग जुळवून देऊ. बाळंतविड्याची दुपटी सांगाल तशी. आणि शेवटची ओळ: चाचींच्या हातच्या वाकळी मोजक्याच, आधी सांगून ठेवा.

या वर्षी तीन दिवस झाले, मेसेज लिहून पडलाय. शेवटच्या ओळीवर येऊन हात थांबतो. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, दुकान माझ्या सासऱ्यांपासूनचं आणि आता सगळं माझ्याच अंगावर. तो काल म्हणाला, "एक ओळ खोडायला तीन दिवस?" मी त्याच्यावर खेकसले. त्याला काय जातंय बोलायला.

पुण्यामुंबईकडं गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ म्हणतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळातल्या आमच्या दुकानात वाकळीचं कापड मिळतं आणि कापड देऊन वाकळ शिवूनही मिळते. शिवणारी म्हणजे चाची. ती दोन गल्ल्या पलीकडं राहते. तिचा नवरा गाद्या पिंजायचा, तो गेल्यापासून ती आमच्यासाठी शिवत आली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुई धरायला तिनंच शिकवलं. माझा टाका बारीक पडायचा. ती म्हणायची, "उंदरासारखं कुरतडू नको गं. वाकळीला ऐसपैस टाका पायजे. दोन बोटांत पाच बसलं पायजेत, सात न्हाईत." माझे सातच बसायचे. शेवटी तिनं नाद सोडला आणि मला गल्ल्यावर बसवलं.

तिच्या वाकळीची एक खूण होती. वाकळ पुरी झाली की ती शेवटच्या कोपऱ्यावर लाल कापडाचं तिकोनी ठिगळ लावायची आणि ठिगळाच्या आत शाळूचे, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचे, तीन दाणे ठेवून मग टाका घालायची. तिच्या आईची रीत. वाकळ उपाशी ठेवून तिच्यात कुणाला निजवू नये म्हणे. गिऱ्हाइकं तो कोपरा चाचपून बघायची, दाणे लागले की हसायची. बिद्रीच्या एक बाई तर दाणे लागल्याशिवाय वाकळ घ्यायच्याच नाहीत. दाण्यांचं कौतुक करून माल खपवण्यात मी काही कमी केलं नाही. फोटो काढून टाकायची, कोपरा अगदी जवळून.

चाचीनं माझ्याकडून एकच शब्द घेतला होता. पाच-सहा वर्षं झाली असतील. दुपारच्याला दुकानात बसून दोरा ओवताना ती म्हणाली, "हे बघ पोरी, माझं डोळं जातील त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. टाका वाकडा पडाय लागला की सांगायचं. घरातली सांगायची न्हाईत, त्यास्नी माझी दया येती. तू तोंडाची फटकळ हाईस. तू सांगशील." मी म्हटलं, "सांगीन की. त्यात काय."

फटकळ म्हणून माझी ख्याती आहे, ती काही खोटी नाही. रंग जाणारं कापड घेऊन आलेल्या बाईला मी तोंडावर सांगते, हे दुसऱ्याच्या गळ्यात बांधा, माझ्या नको. व्यापाऱ्यांना सोडत नाही. नणंदेला सोडत नाही. आणि जिथं फटकळपणाची खरी गरज होती तिथंच माझी वाचा बसली.

गेल्या वर्षी नवरात्रात चाचीनं हंगामातली पहिली वाकळ आणून दिली. मी ती गल्ल्यावर उलगडली आणि मला कळलं. डाव्या बाजूचे टाके नेहमीसारखे होते. उजव्या कडेला ओळ खाली घसरली होती, टाके एकमेकांवर चढले होते. एका ठिकाणी चार बोटं नुसती कोरीच सोडली होती, ती तिला दिसलीच नव्हती. चाची समोर स्टुलावर बसून पाणी पीत होती. तिनं विचारलं, "कसा पडलाय गं टाका?"

मी म्हटलं, "मोत्यावाणी."

ती म्हणाली, "नीट बघून सांग. पलीकडच्या तालमीत डोळ्यांचं शिबिर लागलंय, फुकट तपासत्यात. पोरानं नाव घातलंय माझं. ऑपरेशन निघालं तर म्हैनाभर सुई धरता यायची न्हाय म्हंत्यात. टाका बिघडला असल तर जाते, न्हाईतर कशाला उगं डोळ्याला हात लावून घ्यायचा?"

हे सगळं तिनं इतकं स्पष्ट विचारलं होतं. मला समजलं नाही असं म्हणायला जागाच नाही. मी काय विचार केला तेही सांगते, आता लपवून काय मिळणार आहे. पहिला विचार आला की म्हातारीला वाईट वाटेल. तो खरा होता, पण तो फार वेळ टिकला नाही. दुसरा विचार आला की मेसेज गेलाय. नऊ वाकळी लोकांनी सांगून ठेवल्यात, त्यातल्या दोन बाळंतिणींसाठी. चाची महिनाभर बसली तर थंडी संपेपर्यंत मी लोकांना काय तोंड दाखवू? हंगाम चुकला असता. म्हणून मी म्हटलं, "चाची, तुमच्या टाक्याला काय धाड भरलीय? उगंच डोळ्याशी खेळू नका. थंडी सरली की बघू."

तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, "तू म्हंतीस म्हंजे बराबर." आणि शिबिराला गेली नाही.

त्यानंतर दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मी एक काम केलं. दुपारी एक ते चार दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसायचं, चाचीनं आणलेली वाकळ मांडीवर घ्यायची, बिघडलेल्या ओळी उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. पहिल्या वाकळीला उजवी कड तेवढी होती. पुढं पुढं अर्धी वाकळ उसवायला लागली. कोपऱ्यातलं तिकोनी ठिगळही वेडंवाकडं बसलेलं असायचं, ते काढून मी सरळ लावायची. ठिगळ काढलं की दाणे फरशीवर पडायचे. पहिल्या दोन वाकळींना मी ते वेचून परत आत घातले. तिसरीच्या वेळी गिऱ्हाईक शटर वाजवत होतं. मी ठिगळ तसंच दाबून शिवून टाकलं आणि संध्याकाळी दाणे केरात गेले. चौथीपासून मी वेचायचं सोडलंच. कोण बघतंय, असं वाटलं. बिद्रीच्या बाईंची वाकळ पहिल्या दोनांतली होती, बाकीच्यांनी चाचपून बघितलं नाही. मग तर मी निर्धास्तच झाले.

दर वेळी चाची विचारायची, "पावण्यास्नी आवडली का?" आणि मी सांगायची, "लई आवडली." हे खोटं नव्हतं. गिऱ्हाइकांना वाकळ आवडतच होती. फक्त ती वाकळ चाचीची राहिली नव्हती, आणि मी मात्र ती चाचीच्या नावावर खपवत होते. म्हणजे फसवलं ते दोघांनाही.

संक्रांत झाली आणि चाची सहज दुकानात आली. आजऱ्याच्या एका गिऱ्हाइकाची वाकळ, नववी, घडी घालून गल्ल्यावर ठेवली होती, ते संध्याकाळी येणार होते. मी शिडीवर चढून वरचे खणाचे गठ्ठे काढत होते. चाची स्टुलावर बसली आणि तिचा हात सवयीनं वाकळीवर गेला. ठिगळ सापडलं. तिनं अंगठ्यानं ते दाबलं. पुन्हा दाबलं. मला शिडीवरून दिसत होतं, पण उतरायचं धाडस होत नव्हतं.

"ह्यात दाणं न्हाईत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पडले असतील कुठंतरी."

तिनं दोन बोटं टाक्यांच्या ओळीवर ठेवली आणि नखानं मोजलं. एकदा मोजलं, मग थोडं पुढं सरकून पुन्हा मोजलं. "सात हायत," ती म्हणाली. "हा टाका माझा न्हाय. तुझा हाय."

शिडीवरून खाली उतरायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"दसऱ्यापासून."

"किती झाल्या?"

"नऊ. शेवटच्या सातांत दाणे नाहीत."

मला वाटलं ती शिव्या घालेल. तिच्या तोंडात कोल्हापुरातल्या एकसे एक शिव्या आहेत, त्या मी ऐकलेल्या आहेत, आणि त्या दिवशी त्यांतली एक जरी मिळाली असती तर मी सुटले असते. तिनं फक्त पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाली, "सात घरच्या वाकळी उपाशी ठेवल्यास. एकात तर बाळंतीण हाय." स्वतःच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. भिंतीला हात लावत लावत ती बोळातून गेली, आणि ती भिंत धरून चालते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. म्हणजे ती किती दिवस तशी चालत होती, देव जाणे.

फाल्गुनात तिच्या मुलाला रजा मिळेना, तेव्हा तिला दवाखान्यात मी घेऊन गेले. ती नको म्हणाली नाही आणि बरंही म्हणाली नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या, नीट बोलणाऱ्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू होताच, तो काढता येणार होता. पण त्याच्या मागं काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती काही परत येणार नव्हती. उरलेली राखायची, रोज थेंब घालायचे, एवढंच. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, पाच-सहा महिने आधी आला असता तर एवढी गेली नसती. इतके दिवस काही जाणवलं नाही का?"

चाची म्हणाली, "टाका बराबर पडतोय म्हनलं मला, डॉक्टरीणबाई. मग कशाला यायचं?"

कुणी म्हटलं, ते तिनं सांगितलं नाही. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसले होते, तिची पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही सून का?" मी म्हटलं, "नाही. दुकानवाली."

ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. डावा डोळा बरा झाला, उजव्याचा मोतीबिंदू निघाला तेवढाच. आजऱ्याची नववी वाकळही त्या संध्याकाळी तशीच गेली होती; त्या सात गिऱ्हाइकांना मी एकेक करून फोन केले. लाल ठिगळाचा कोपरा जरा उसवा, आत शाळूचे तीन दाणे घाला, घालायचे राहिलेत. सगळ्यांनी हौसेनं ऐकलं. आजऱ्याच्या बाईंनी तर दाणे घालतानाचा फोटो पाठवला. टाके कुणाचे आहेत ते मी सहा जणांना सांगितलं नाही. सातव्या त्या बाळंतीण मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे वहिनी, ऊबदार हाय." तिनं इतकं सहज सोडलं त्याचा मला रागच आला.

तर हा मेसेज असा अडकून पडलाय.

काल सकाळी चाची आली. ऑपरेशननंतर ती दुकानात आलीच नव्हती, मीच थेंबांची बाटली पोचवायच्या निमित्तानं जायची. तिनं पिशवीतून एक दुपटं काढलं. नातीला दिवस गेलेत, तिच्यासाठी. हातानं चाचपत चाचपत शिवलेलं. तिनं ते गल्ल्यावर पसरलं, स्टुलावर बसली आणि विचारलं, "कसा पडलाय गं टाका?"

मोत्यावाणी हा शब्द माझ्या जिभेवर तयारच होता. इतक्या सवयीनं आला की माझीच मला शिसारी आली.

मी म्हटलं, "वाकडा पडलाय, चाची. उजव्या कडेला टाके एकमेकांवर चढलेत. कोपऱ्यापाशी तीन बोटं रिकामीच राहिलीत."

बोळातून एक टेम्पो मागं घेत होते, त्याचा आवाज होता. तो थांबल्यावर तिनं दुपट्याची कड बोटांनी चाचपली.

"आत्ता सांगतीस व्हय," ती म्हणाली.

मला रडू आलं. ते बघायला ती माझ्याकडं वळली नाही. "मग उसव," ती म्हणाली. "माझ्यासमोर उसव. आणि दोन बोटांत पाच घाल. सात न्हाईत."

मी शटर वर तसंच ठेवलं, गिऱ्हाइकांना थांबा म्हटलं आणि तिथंच गल्ल्यावर कड उसवली. मग कोपऱ्याचं ठिगळ काढलं. दाणे बाहेर आले, एक घरंगळून फूटपट्टीखाली गेला. चाचीनं हात पुढं केला. मी तिन्ही दाणे वेचून तिच्या तळहातावर ठेवले.

तिनं ते अंगठ्यानं मोजून घेतले.