भाऊजींच्या हातातले केस

नकली केस जळल्याचा वास आला की मला घणसोली गावातली ती हळद आठवते आणि हसू फुटतं. माझा गाळा मी एका नायजेरियन बाईला वेण्या घालायच्या पार्लरसाठी दिला, तेव्हा चुलत दिरांनी देवळासमोर गाव गोळा करून मला सुनावलं होतं, "वहिनी, जुनं गाव हाय, आपली संस्कृती हाय. काल्या बाईचं दुकान इथं नाय चालायचं!" मी गाळा काढून घेतला नाही आणि ते बोलणंही विसरले नाही. वर्षभरात त्यांच्याच लेकीची हळद आली. मांडवात बँजो सुरू, आणि नवरी अडून बसली की वेण्या हव्यात तर त्याच बाईच्या! भाऊजी पोरीला घेऊन आले, तेव्हा मी पार्लरच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. "भाऊजी, जुनं गाव हाय. आधी देवलासमोर इचारू या का?" "वहिनी, पाया परतो, सोरा आत!" सोडलं. बाईनं पहिल्या वेणीचं टोक लायटरनं जाळून बंद केलं आणि पुढच्या वेण्यांसाठी नकली केसांचा भला मोठा झुपका त्यांच्या हातात कोंबला. "अंकल, पकडो. छोडना नहीं." काचेबाहेर अख्खी हळद जमली आणि गावाचे पुढारी आमचे भाऊजी दोन्ही हातांनी केस धरून उभे! आता जत्रेच्या भाषणात ते छाती फुगवून सांगतात, "आमच्या गावानं सगल्यांना आपलं मानलं." मी मागून ओरडते, "भाऊजी, केस धरा!"