चुन्याचे दोन दगड आणि शरयूताईंचा आवाज

शरयूताई प्रधानांना मी आधी ऐकलं. पाहिलं ते पुढे तीन-चार आठवड्यांनी.

आमच्या मंडळाचा फिरता दवाखाना तेव्हा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांतून नुकताच फिरू लागला होता. गाडीत औषधांच्या पेट्या, एक बाक, एक स्ट्रेचर आणि ड्रायव्हरच्या शेजारी वायरलेसचा सेट. त्या गाडीवर नर्स म्हणून मी लागले. पहिल्याच दिवशी सेट हातात आला तशी मी घाबरले आणि एका दमात कायकाय बोलून गेले. पलीकडून शांत आवाज आला, "सिंधूबाई, आधी बटण दाबा, मग श्वास घ्या, मग बोला. तुम्ही बटण दाबायच्या आधीच अर्धं बोलून मोकळ्या झालात." मला असा राग आला म्हणून सांगू! कोण ही बाई, आणि मला श्वास घ्यायला शिकवते? आमचे ड्रायव्हर रामभाऊ मात्र गालातल्या गालात हसले. म्हणाले, "बाय, बरोबर सांगतान त्या. मला पन कालच झापलान."

त्या आवाजावरून मी मनाशी एक उंच, धिप्पाड, करड्या चेहऱ्याची बाई ठरवून टाकली होती. पगाराच्या दिवशी कर्जतच्या दवाखान्याच्या माडीचा जिना चढून वायरलेसच्या खोलीत गेले, तर खुर्चीत एक ठेंगणीठुसकी बाई बसलेल्या. पाय जमिनीला पोचत नव्हते म्हणून खाली औषधांचं रिकामं खोकं उपडं घातलेलं. कानांवर हेडफोन, नाकावर चष्मा. मी दारातच उभी. त्यांनी मान वर केली नि म्हणाल्या, "या सिंधूबाई. आवाजावरून मला वाटलं होतं तुम्ही चांगल्या जाडजूड असाल." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून कंपाउंडर बघायला वर आला.

या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे ताईंबद्दल चार ओळी मागितल्या. मी नर्स आहे. चार ओळींत माझ्याच्याने ताप आणि नाडी लिहून होते, शरयूताई होत नाहीत. तेव्हा थोडं लांबेल, ते गोड मानून घ्यावं.

ताई मूळच्या कर्जतच्याच. मुंबईला टेलिफोन खात्यात बरीच वर्षं त्यांनी ऑपरेटर म्हणून काढली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नोकरी सोडून त्या घरी आल्या. वडील गेल्यावर मंडळाच्या लोकांनी त्यांना वायरलेसची खोली सांभाळायला बोलावलं. "तुम्हाला तारा जोडायची सवय आहे," असं म्हणाले म्हणे. ताई म्हणाल्या, "इथे तार कुठे आहे? पण माणसं जोडायची आहेत ना, मग येते."

आमची अडचण नीट सांगते, नाहीतर ताईंनी केलं काय ते कळायचं नाही. वायरलेसच्या खोल्या दोन होत्या. एक कर्जतला, तिथे ताई. दुसरी खालापूरला, तिथे दिघे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, व्याकरणाचे मोठे कडक. कर्जतचा आवाज कशेळ्यापर्यंत नि त्याच्याही पुढे छान यायचा. पण गाडी पळसदरी ओलांडून खोपोलीच्या वाटेला लागली, की डोंगर आडवा येई आणि ताईंचा आवाज खरखरीत बुडून जाई. तिथून पुढे सेटवरचा खटका फिरवून खालापूरला धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण खटका कधी फिरवायचा, हे कुणाला ठाऊक होतं? कधी आम्ही लवकर फिरवायचो, कधी उशिरा. आणि मधल्या वाटेत आमची गाडी कुणाचीच नसायची.

एकदा कशेळ्याच्या बाजारात एका माणसाचा हात विळ्याने मनगटापाशी चांगलाच कापला. तिथल्या वाण्याने कर्जतला फोन केला, की गाडी पाठवा. ताईंनी आम्हाला हाका मारल्या. आम्ही उत्तर देईना. त्यांना वाटलं, खालापूरने घेतली असेल. खालापूरला फोन लावला, तर मास्तर म्हणाले, "गाडी आपल्याकडेच असेल, आमच्याकडे ती आलेली नाही." आणि आम्ही बापडे डोंगराच्या आड रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून चहा पीत होतो! तो माणूस शेवटी एका टेंपोतून कर्जतला आला. वाचला. पण ताईंचा त्या दिवशीचा चहा टेबलावर तसाच राहिला. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ताई गाडीत येऊन बसलेल्या, मांडीवर चुन्याचा डबा आणि ब्रश! कर्जतच्या खोलीत त्यांनी कंपाउंडरला बसवलं होतं आणि आकडे मोजत राहायला सांगितलं होतं. तिकडे दिघे मास्तर पाढे म्हणत होते. आम्ही त्या रस्त्याने सावकाश जायचं, ताईंनी सारखा खटका इकडून तिकडे फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. जिथे मास्तरांचे पाढे पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आले तिथे त्यांनी गाडी थांबवली, उतरल्या आणि रस्त्याकडेच्या एका मोठ्या दगडाला चुना फासला. आणखी पुढे गेल्यावर जिथे कंपाउंडरचे आकडे पार बुडाले, तिथे दुसऱ्या दगडाला. "या दोन दगडांच्या मधे आपल्याला दोन्ही घरं ऐकू येतात," त्या म्हणाल्या. "सगळा व्यवहार इथेच उरकायचा."

मंडळातल्या एका सभासदांनी बैठकीत विचारलं, की पेट्रोल जाळून दगड रंगवायचं हे काम कुणी काढलं? रामभाऊ दाराशी उभे होते. ते तिथूनच बोलले, "साहेब, गाडी हरवली तं पेट्रोल कोनाचं जातं?" बैठक तेवढ्यावर मिटली.

मग ताईंनी नियम घालून दिला. पहिल्या दगडाशी खटका फिरवून खालापूरला हाक मारायची. खालापूरने "मिळाली" म्हटलं, की खटका मागे फिरवून कर्जतला सांगायचं, "खालापूरने घेतलं." तेव्हाच कर्जत म्हणणार, "सोडली." नुसत्या अंदाजावर गाडी सोडायची नाही. फोनवरून कळलं तरी नाही. गाडीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. आणि गावातल्या लोकांनी गाडी कुठे आहे याची चिंता करायचीच नाही. त्यांनी फक्त कर्जतला फोन करायचा. गाडी कशेळ्याला असो की खालापूरच्या पलीकडे, निरोप तिच्यापर्यंत पोचवणं हे ताईंचं काम. हे सगळं मला तेव्हा फारच काटेकोर वाटायचं. रोज दोनदा तेच तेच, मिळाली नि सोडली. एकदा मी कंटाळून म्हटलं, "ताई, समजून घ्या ना!" त्या म्हणाल्या, "समजून घेतलं म्हणूनच त्या माणसाचा हात वाहत राहिला."

आता तो दिवस सांगते.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. कशेळ्याजवळच्या एका गावातली यमुना घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. आम्ही तिला गाडीत घेऊन दुपारी कर्जतला आलो. आमच्या डॉक्टरांनी गाडीतच तपासलं, रक्त थांबायचं एक इंजेक्शन दिलं. तिला रक्त द्यायला हवं होतं आणि ते मिळणार होतं खोपोलीला. डॉक्टर आमच्याबरोबर यायला निघाले, तेवढ्यात आतून हाक आली. आत दुसरी एक बाई अडलेली होती, मूल आडवं. तिला टाकून त्यांना येता येईना. ते मला म्हणाले, "सिंधूबाई, तुम्ही जा. मी वायरलेसवर तुमच्याबरोबर आहे." मी होय म्हटलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

गाडी निघाली. यमुनेच्या पोटावर माझे दोन्ही हात, गर्भाची पिशवी कडक राहावी म्हणून सारखं चोळणं चाललेलं. मग बटण कोण दाबणार? यमुनेची सासू तान्ह्या पोरीला पदरात घेऊन बसली होती. तिच्या मोकळ्या हातात मी सेटचा लांब वायरीचा माइक दिला. "आजी, मी सांगेन तेव्हा हे दाबा, सोडा म्हटलं की सोडा." आजी म्हणाली, "दाबतंय गं बाय, पन माजी सून डोलं झाकतेय, तिच्याकडं बघ!" सेटवर आळीपाळीने कधी डॉक्टर, कधी ताई. डॉक्टर आत गेले की ताई मला बोलतं ठेवायच्या. "नाडी सांगा. सलाईन किती उरलं? श्वास घ्या सिंधूबाई." या खेपेला मला राग आला नाही. तो आवाज होता म्हणून माझे हात चालत होते, हे मी आज शपथेवर सांगते.

मला मात्र एकच धास्ती होती. पळसदरी जवळ येत होती, आणि डोंगराआड आवाज गेला की त्या गाडीत मी एकटी. इंजेक्शनचा दुसरा डोस द्यायचा की नाही, कधी द्यायचा, कुणाला विचारू? तेवढ्यात ताई म्हणाल्या, "रामभाऊ, पहिला दगड आला का?"

"आला ताई."

"खटका फिरवा. घाबरू नका, मी इथेच आहे."

रामभाऊंनी एका हाताने खटका फिरवला, आजीने बटण दाबलं नि मी हाक मारली. खर्रकन आवाज झाला आणि लगेच दिघे मास्तर: "मिळाली. डॉक्टर विचारतात... अं... गर्भाची पिशवी हाताला कडक लागते आहे का?"

मी थक्कच झाले. ताईंनी काय केलं होतं? आमची गाडी कर्जतहून हलायच्या आतच खालापूरचा ट्रंक कॉल लावून ठेवला होता. तो लागायला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? इकडे गाडी दगडाशी पोचायच्या आत तिकडे डॉक्टरांच्या कानाशी फोन होता आणि मास्तर त्यांचा शब्द न शब्द मला सांगत होते. जन्मभर विभक्ती शिकवलेले मास्तर! असले शब्द त्यांनी घरातसुद्धा कधी उच्चारले नसतील. पण त्या दिवशी एकही शब्द त्यांनी गाळला नाही. "डॉक्टर म्हणतात, दुसरा डोस आत्ता द्या. डॉक्टर म्हणतात, हात काढू नका." एका हाताने मी डोस दिला, दुसरा पोटावरून काढला नाही. खोपोलीला दवाखान्याच्या दारात बाटली घेऊन माणसं उभीच होती, मास्तरांनी त्यांनाही कळवलं होतं. यमुनेला आत नेलं. बऱ्याच वेळाने तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वाचली." आजीने तान्ह्या पोरीला माझ्या मांडीवर टाकलं आणि तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडली. मीही रडले. रामभाऊ उगाचच गाडीची काच पुसत राहिले.

परत निघालो तेव्हा दिवस कलला होता. पांढरा दगड दिसला तसा रामभाऊंनी कर्जतचा खटका लावला. मी अगदी सहज म्हटलं, "कर्जत, ऐकताय का?"

"ऐकतेय," लगेच उत्तर आलं. "बोला सिंधूबाई."

मी म्हटलं, "ताई, अजून घरी नाही गेलात? यमुना वाचली, मास्तरांनी फोन केला असेल ना?"

"केला. फार बरं वाटलं. पण खालापूरने घेतलं असं गाडीने मला सांगितलंच नव्हतं."

रामभाऊंनी ब्रेक दाबला आणि कपाळाला हात लावला. त्या गडबडीत खटका मागे फिरवून कर्जतला कळवायचं आम्हा दोघांच्याही डोक्यातून पार गेलं होतं. आणि ताई दुपारपासून त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. जेवणाचा डबा बंदच. मी म्हटलं, "अहो, पण सगळं कळलं होतं ना तुम्हाला!" त्या म्हणाल्या, "फोन कधी तुटेल याचा नेम आहे का? मास्तरांचा सेट बंद पडला असता आणि रामभाऊंनी गाडी मागे फिरवली असती, तर तुम्ही कुणाला हाक मारली असतीत?" मग म्हणाल्या, "आता सांगा."

मी आधी बटण दाबलं, श्वास घेतला आणि म्हटलं, "खालापूरने घेतलं होतं, ताई."

"बरं. सोडली," त्या म्हणाल्या. "आणि आता पुन्हा मिळाली. सावकाश या."

ताईंच्या मायेबद्दल सांगायचं तर माझ्या घरचंच सांगते. आमचं घर कशेळ्याला. मला रात्र व्हायची आणि सासूबाई दारात ताटकळायच्या. ताईंनी आपण होऊन कशेळ्याच्या वाण्याला फोन करायला सुरुवात केली: "सिंधूबाई पळसदरीला पोचल्यात, भाकरी झाकून ठेवायला सांगा." सासूबाई पहिल्यांदा चिडल्या. "ही बाय कोन? माज्या सुनेचं माज्यापरीस हिलाच जास्त ठावं!" पण पुढे एखाद्या दिवशी निरोप आला नाही, तर स्वतःच वाण्याकडे जाऊन विचारायच्या, "कर्जतच्या बायचा फोन नाय आला का रं?"

मध्यंतरी सेट दुरुस्त करायला मुंबईहून एक इंजिनिअर आले होते. ते सांगत होते, परदेशात गाडीत बसवलेले टेलिफोन निघालेत, एका स्टेशनाच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत गेले की आपले आपण जोडले जातात, बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पुढे खिशात मावतील असेही येतील. मी तर आ वासून ऐकत होते. ताईंनी एवढंच विचारलं, "आधीचं सोडायच्या आत पुढच्याने घेतलं का, ते बघतात ना?" इंजिनिअर म्हणाले, "अगदी तेच बघतात." ताईंचा चेहरा असा खुलला! "मग येऊ देत," म्हणाल्या. "लवकर येऊ देत." मलाही वाटतं, येतील. यमुनेची लेक आता शाळेत जाते. ती मोठी होईल तोवर कुठल्याही डोंगराआड कुणाचा आवाज बुडू नये.

ताई, तुम्हाला साठ पूर्ण झाली म्हणून सगळा तालुका जमतोय, आणि तुम्ही म्हणाल, एवढं कशाला. तब्येतीला जपा, चष्म्याचा नंबर वेळेवर तपासा, जेवणाचा डबा बंद ठेवू नका. हे मी नर्स म्हणून सांगतेय, तेव्हा ऐकावं लागेल. बाकी तुमचाच नियम आम्ही तुम्हाला लावणार आहोत. पलीकडच्या स्टेशनाला कधी काळी तुमची आठवण झाली, तरी त्याने घाई करू नये. मी, रामभाऊ, मास्तर, यमुना, तिची लेक, आम्ही सगळे इकडे कानाला हेडफोन लावून बसलोय, आणि आमच्यातलं कुणीही "सोडली" म्हणणार नाही.