दोघांच्या वजनावर लावलेली गाडी

हात धुतले की पुसायचे नाहीत, नुसते झटकायचे. फोन आला की उभे राहायचे आणि शर्टाचं वरचं बटण लावायचे, जणू समोरचा बघतोय. रस्त्यात माणसांकडे लक्ष नसायचं, उभ्या गाड्यांच्या चाकांकडे असायचं. दारातल्या चपला पायानेच सरळ करायचे, आलेल्या-गेलेल्याच्यासुद्धा. चहा गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत आणि गार झाला म्हणून कुरकुरायचे.

मी त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या गॅरेजच्या वरची खोली मी भाड्याने घेतली आणि वयातलं अंतर विसरून आमची मैत्री झाली. त्यांनी लग्न केलं नव्हतं. परवा सकाळी ते गॅरेजमध्येच गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

चाकांचं अलाइनमेंट हे त्यांचं काम. त्यांची स्वतःची दोन सीटची, जमिनीला टेकेल अशी लाल स्पोर्ट्स कार होती. अपघातात चेपलेली ती गाडी त्यांनी आणि मोठ्या भावाने, दादाने, मिळून उभी केली होती. तिचं डावं पुढचं टायर मात्र सारखं बाहेरच्या कडेने झिजायचं.

"काका, दिव्याखाली अंधार," एक टॅक्सीवाला नेहमी चिडवायचा. "आमची चाकं सरळ करता आणि तुमच्या टायरला अर्ध्या बाजूने टक्कल."

"टायर माझं, टक्कल माझं. तू तुझी गाडी काढ, दार अडतंय."

कारण त्यांना ठाऊक होतं. अशा गाडीची चाकं लावताना बसणाऱ्यांचं वजन सीटवर लागतं. काका वाळूच्या थैल्या ठेवायचे. आपल्या सीटवर आपल्या वजनाच्या, डावीकडे दादाच्या वजनाच्या. दादा जाडजूड. चाकं लावून झाली की थैल्या काढून काका एकटेच गाडी घेऊन जायचे. रिकामी डावी बाजू वर उठायची, चाक किंचित बाहेर कलायचं आणि टायर तिथेच घासायचं.

"मग एकट्यासाठी लावा ना," मी एकदा म्हणालो.

"मग दादा बसला की गाडी एका बाजूला ओढेल. त्याला लगेच कळतं."

"तोवर मी बसतो डावीकडे."

"बस की. पण तुझं वजन काय? दोन पुस्तकं आणि एक चष्मा."

दादा मुलाकडे राहायला दूर निघाले, तेव्हा काका रागाने म्हणाले होते, गेलास तर या गाडीत पुन्हा बसू नकोस. "आणि तो शब्दाचा पक्का," काका मला सांगायचे. कौतुकाने सांगायचे. त्यानंतर दोघांत फोन नाही.

गेल्या आठवड्यात काकांनीच लावला. हात ग्रीसने माखलेले, म्हणून स्पीकरवर. मी तिथेच होतो.

"दादा, चुकलं माझं. ये एकदा. एक चक्कर मारू."

"अरे वेड्या, ते मी केव्हाच विसरलो. राग गेला, तसे गुडघेही गेले. त्या गाडीत बसेन एक वेळ, पण बाहेर कोण काढणार? क्रेन आणशील?"

दोघं हसले. काका जरा जास्त वेळ हसले.

"तू फिरव गाडी, मजा कर," दादा म्हणाले. "माझी वाट बघू नकोस."

फोन बंद झाला तरी काका उभेच होते.

"राग असता तर बरं होतं," ते म्हणाले. "राग जातो तरी."

मग काही दिवस त्यांनी गाडीला हात लावला नाही. परवा सकाळी खालून थैल्या टाकल्याचे आवाज आले. नंतर पान्याचा. नंतर काहीच नाही. मी उतरलो तेव्हा काका चाकाला टेकून बसले होते. थैल्या फक्त त्यांच्या सीटवर होत्या, डावी सीट मोकळी होती.

काल दादा आले. मुलाच्या हाताला धरून, पाय ओढत. गाडीपाशी थांबले.

"तो काय करत होता?"

"चाकं नव्याने लावत होते. एकट्यासाठी."

दादांनी टपावर हात ठेवला. मग विचारलं, "कुठवर आला होता?"

मी वाकून पाहिलं. डावं चाक लावून झालं होतं. उजव्याचा नट नुसता सैल करून ठेवला होता.